साथ, भीती आणि कॅप्सूल : १९९४ चा प्लेग, मराठवाडा आणि टेट्रासायक्लिन

आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके त्याआधी परभणी जिल्ह्याचा भाग होते आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. १९९४ च्या प्लेगच्या कागदपत्रांत ‘हिंगोली जिल्हा’ हे नाव सापडत नाही, ते यामुळेच. पण त्या साथीशी या भागाचा संबंध नव्हता, असा त्याचा अर्थ होत नाही. साथीचा पहिला बोभाटा झाला तो शेजारच्या बीड जिल्ह्यात, ज्याची हद्द तत्कालीन परभणी जिल्ह्याला भिडलेली होती. साथीने भयंकर रूप धारण केले ते सुरतेत, आणि सुरतेहून भुसावळमार्गे अकोल्याला येऊन तेथून वाशीम, हिंगोली, वसमत, पूर्णा अशा मीटरगेज गाडीने मराठवाड्यात उतरण्याची वाट पोटासाठी बाहेर पडलेल्या लोकांच्या पायाखालची होती. त्या काही आठवड्यांत टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या किंवा त्यांना मारणाऱ्या औषधाचे नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीतून निघून सर्वसामान्यांच्या तोंडी आले. एकाच वेळी, एकाच रोगासाठी आणि एकाच प्रदेशात हे औषध दोन अगदी वेगळ्या रीतींनी वापरले गेले. त्यामुळे औषधाची सुरक्षितता त्याच्या रसायनाइतकीच ते कोण, कोणाला, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली देतो यावर कशी अवलंबून असते, हे तपासण्यासाठी या साथीइतके बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

औषधाआधीचा प्लेग

महाराष्ट्राला प्लेग नवा नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. त्यानंतरच्या वर्षांत तो पुण्यात, दख्खनच्या पठारावर आणि पुढे निजामाच्या मुलुखातही पसरला. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने झाला आणि त्याच वर्षी २२ जूनला प्लेग बंदोबस्ताच्या जाचक पद्धतीवरील संतापातून त्या बंदोबस्ताचे प्रमुख इंग्रज अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला होता. तो उंदरांवरील पिसवांच्या चाव्यातून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. पिसू चावल्यावर जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ येते तो गाठीचा प्लेग. आणि जंतू फुप्फुसात शिरून खोकल्यावाटे थेट दुसऱ्या माणसाकडे जाऊ लागतो तो फुप्फुसाचा प्लेग. वेळेवर औषध मिळाले नाही तर हा दुसरा प्रकार जवळपास हटकून प्राणघातक ठरतो.

प्रतिजैविके येण्यापूर्वी या रोगावर उपाय होते ते स्थलांतराचे आणि लसीचे. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, ही रीत मराठवाड्यासह सगळ्या दख्खनमध्ये इतकी रुळली की जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘प्लेगच्या साली’ ही कालगणनेची एक खूणच होऊन बसली. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या परळच्या संस्थेत पुढे साहिबसिंग सोखे यांच्या नेतृत्वाखाली सल्फा गटातील औषधांचे प्लेगवरील प्रयोग झाले आणि रोग झाल्यानंतरही रुग्ण वाचू शकतो, ही कल्पना प्रथमच व्यवहारात उतरली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्ट्रेप्टोमायसिन आले, घरोघर डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि प्लेगचे आकडे झपाट्याने उतरले. १९६६ मध्ये कर्नाटकात आढळलेल्या रुग्णांनंतर जवळपास तीन दशके देशात या रोगाची प्रयोगशाळेने निश्चित केलेली नोंद झाली नाही. परिणामी उंदीर-पिसवांवर लक्ष ठेवणारी टेहळणीची यंत्रणाही हळूहळू ढिली पडत गेली.

टेट्रासायक्लिन : गुण आणि अवगुण

टेट्रासायक्लिन गटाचा उगम मातीत आहे. अमेरिकेतील लेडर्ली या कंपनीच्या प्रयोगशाळेत सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर यांनी मिसुरी राज्यातून आलेल्या मातीच्या नमुन्यातील एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन हे सोनेरी रंगाचे औषध मिळवले आणि १९४८ मध्ये ते जगापुढे आले. या प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा भीमावरम येथे जन्मलेल्या यल्लप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. औषध जाहीर झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९४८ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. पुढे फायझर कंपनीतील लॉइड कोनोव्हर यांनी ऑरिओमायसिनच्या रेणूतील क्लोरिनचा अणू काढून टेट्रासायक्लिन बनवले, त्याचे पेटंट १९५५ मध्ये मिळाले आणि १९६७ मध्ये त्याच कुळातील डॉक्सिसायक्लिन वापरात आले. भारतात सोव्हिएत साहाय्याने ऋषिकेश येथे उभारलेल्या आयडीपीएल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या कारखान्यात टेट्रासायक्लिनचे उत्पादन होऊ लागले. त्यामुळे हे औषध स्वस्त झाले आणि जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सर्वत्र पोहोचले.

जिवाणूच्या पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण असतात. टेट्रासायक्लिन त्यांना चिकटते, प्रथिनांची जुळणी थांबते आणि जिवाणूची वाढ खुंटते. प्लेग, पटकी, टायफस आणि अनेक प्रकारचे श्वसनसंसर्ग अशा परस्परांहून भिन्न रोगांवर ते चालते, म्हणून त्याला व्यापक पल्ल्याचे प्रतिजैविक म्हणतात. याच व्यापकपणामुळे आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मारले जातात आणि त्यातून जुलाब, तोंडात किंवा जननमार्गात बुरशीचा संसर्ग, क्वचित आतड्याची गंभीर सूज असे त्रास उद्भवतात.

या औषधाचा दुसरा स्वभाव कॅल्शियमशी निगडित आहे. टेट्रासायक्लिनचा रेणू कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त आणि ॲल्युमिनियम या धातूंना घट्ट धरून ठेवतो. त्यामुळे दूध किंवा दह्याबरोबर, आम्लपित्तावरील गोळीबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेतलेली कॅप्सूल पोटातच अडकून पडते आणि रक्तात पुरेशी पोहोचत नाही. म्हणून ती जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते. रक्तात पोहोचलेला भाग वाढत्या हाडांत आणि दातांत कॅल्शियमबरोबर साचतो. लहान मुलांच्या दातांवरील हे डाग वैद्यकीय वाङ्मयात १९५६ मध्ये प्रथम नोंदले गेले आणि १९६० च्या दशकात त्याबद्दलचे इशारे जगभर प्रसिद्ध झाले. दात आधी पिवळे दिसतात, उजेडाने पुढे ते तपकिरी-करडे होतात आणि घासून हा रंग जात नाही, कारण तो दाताच्या पृष्ठभागावर नसून घडणीत असतो. दातावर आलेल्या पट्ट्याच्या जागेवरून औषध कोणत्या वयात दिले गेले, याचाही अंदाज दंतवैद्य बांधू शकतात. मराठवाड्याच्या काही भागांत पाण्यातील फ्लोराइडनेही दात डागाळतात, त्यामुळे प्रत्येक पिवळा दात या औषधाच्या माथी मारता येत नाही; पण गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईला आणि साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला टेट्रासायक्लिन शक्यतो देऊ नये, हा नियम या निरीक्षणातूनच रूढ झाला. भारतात पुढे १९८० च्या दशकात टेट्रासायक्लिनची पातळ तोंडी औषधे आणि क जीवनसत्त्वाबरोबरची त्याची मिश्रणे यांवर केंद्र सरकारने बंदी घातली. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला तुलनेने कमी धरते आणि त्याच्या अल्प मुदतीच्या उपचाराने मुलांच्या दातांवर डाग पडत नाहीत, असे अलीकडच्या अभ्यासांनी दाखवल्यामुळे गंभीर आजारात त्या औषधापुरता हा नियम शिथिल झाला आहे. मूळ टेट्रासायक्लिनबाबत तो कायम आहे.

बाकीचे अवगुणही दखल घेण्याजोगे आहेत. मूत्रपिंड आधीच दुबळे असलेल्या रुग्णात टेट्रासायक्लिन रक्तातील युरियाचे प्रमाण वाढवते. गरोदर स्त्रीला शिरेतून मोठ्या मात्रेत दिल्यास यकृत निकामी झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. औषध चालू असताना त्वचा उन्हाला हळवी होते आणि थोड्या उन्हानेही भाजल्यासारखी लाल पडते. ऑक्टोबरच्या उन्हात सोयाबीनची काढणी किंवा हळदीची खुरपणी करणाऱ्या माणसाला हा परिणाम कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक भोवतो. कॅप्सूल कोरडीच गिळून लगेच आडवे झाल्यास ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम करते आणि गिळताना छातीत तीव्र कळ येते. हे डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत विशेष घडते. मुदत संपलेल्या, उष्ण-दमट जागी साठवलेल्या टेट्रासायक्लिनचे विघटन होऊन मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झाल्याचे रुग्ण १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. डोक्यातील दाब वाढून तीव्र डोकेदुखी आणि धूसर दिसणे, हा दुर्मीळ परिणामही या गटाशी जोडलेला आहे.

किल्लारी ते मामला

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली आणि दगड-मातीची घरे जमीनदोस्त झाली. शेजारच्या जिल्ह्यांतही लोक धास्तीने घराबाहेर राहू लागले, धान्य पडक्या किंवा ओस घरांत पडून राहिले, आणि त्यावर घरातील उंदरांची पैदास वाढून त्यांचा रानातील कुरतडणाऱ्या प्राण्यांशी संपर्क आला असावा, असा तर्क अभ्यासकांनी पुढे मांडला. जंतू रानातील अशा प्राण्यांत वर्षानुवर्षे टिकून राहू शकतो आणि परिस्थितीने संधी दिली की वस्तीत येतो, ही गोष्ट प्लेगच्या शास्त्रात आधीपासून मान्य होती.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या काही शे वस्तीच्या गावात पिसवांचा उपद्रव आणि उंदीर मरून पडल्याच्या तक्रारी आल्या. महिनाअखेरीस गाठ आणि ताप असलेले रुग्ण दिसू लागले आणि सप्टेंबरच्या मध्यास गाठीच्या प्लेगची बातमी देशभर झाली. मामल्यात आणि लगतच्या गावांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी कीटकनाशक पावडरीची धुरळणी केली, घरोघर जाऊन ताप आणि गाठी तपासल्या, आणि रुग्णांना उपचार म्हणून, तर त्यांच्या सहवासातील लोकांना प्रतिबंध म्हणून टेट्रासायक्लिन दिले. एखादा रोग होण्याआधीच, संसर्गाची शक्यता असलेल्या व्यक्तीला तो टाळण्यासाठी औषध देणे याला रासायनिक प्रतिबंध म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्लेगसाठी प्रौढाला टेट्रासायक्लिनची प्रतिबंधक मात्रा दिवसाला एक ते दोन ग्रॅम, विभागून आणि सुमारे सात दिवस अशी असते. लहान मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी सल्फा गटातील पर्यायी औषधाचा विचार केला जातो. बीडमधील या पद्धतीत कोणाला औषध द्यायचे हे रुग्णाशी आलेल्या संबंधावरून ठरत होते, देणारा माणूस ओळखीचा होता आणि तो पुन्हा त्या घरी येणार होता. त्यामुळे औषध पूर्ण घेतले की नाही हे कळत होते आणि त्रास झाला तर तो सांगायला जागा होती.

सुरतेत चित्र निराळे झाले. गणेशविसर्जनाच्या सुमारास तेथे फुप्फुसाच्या प्लेगसारखे रुग्ण दगावू लागले, अनेक खासगी दवाखाने बंद झाले आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत खानदेश आणि विदर्भ-मराठवाड्याकडील मजुरांचाही मोठा भरणा होता. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात संशयित रुग्णांसाठी व्यवस्था करण्यात आली, रेल्वेस्थानकांवर प्रवाशांची तपासणी झाली. त्याच वेळी मुंबई, दिल्ली आणि इतर शहरांतील औषध दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या पट्ट्या पाहता पाहता संपल्या, काही ठिकाणी काळ्या बाजारात दामदुपटीने विकल्या गेल्या. ही टंचाई का झाली, हे साध्या हिशेबाने समजते. २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल धरल्या तर एका माणसाच्या सात दिवसांच्या प्रतिबंधक मात्रेला २८ ते ५६ कॅप्सूल लागतात. पाच माणसांच्या घराने ‘असू द्यावे’ म्हणून साठा करायचे ठरवले तर १४० ते २८० कॅप्सूल एका घरात जातात, आणि नेमक्या त्याच वेळी रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागते.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा काळ आणखी एका कारणाने नाजूक होता. ऑक्टोबरच्या मध्यास दसरा होता. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी बीड-परभणीकडील मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे निघतात, आणि हिंगोलीसारखी गावे तर दसऱ्याच्या गर्दीसाठीच ओळखली जातात. माणसांच्या अशा हालचालीत कोणाला, कोठे आणि किती दिवस औषध दिले याची नोंद ठेवणे अवघड होते; आणि वाटेत कोणी हातावर ठेवलेल्या चार कॅप्सूल म्हणजे पूर्ण प्रतिबंध, असा समज होणे सोपे होते.

उपचाराचा आणि प्रतिबंधाचा हिशेब

या घटनाक्रमात टेट्रासायक्लिनच्या दुष्परिणामांचा प्रश्न दोन वेगळ्या पातळ्यांवर उभा राहतो. ज्याला प्लेग झाला आहे त्याच्यापुढे मृत्यूचा धोका इतका मोठा असतो की दातांवरील डाग, मळमळ किंवा त्वचेचा हळवेपणा यांना त्या तुलनेत फारसे वजन उरत नाही. उपलब्ध पर्यायही निर्दोष नव्हते : स्ट्रेप्टोमायसिनने कानाच्या आतील भागाला इजा होऊन बहिरेपणा किंवा तोल जाण्याचा त्रास होऊ शकतो, तर क्लोरॅम्फेनिकॉल क्वचित प्रसंगी अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीच थांबवते. रुग्णाच्या बाबतीत टेट्रासायक्लिनचा निर्णय त्यामुळे बिनतोड होता आणि सुरतेत पहिल्या दिवसांनंतर मृत्यूचे प्रमाण आटोक्यात येण्यात वेळेवर दिलेल्या प्रतिजैविकांचा वाटा मोठा होता. देशभरातील मृतांची संख्या पन्नासच्या आसपास राहिली. १८९६ नंतरच्या साथींत एकेका शहरात हजारोंनी माणसे दगावली होती.

निरोगी माणसाच्या बाबतीत मात्र हिशेब उलटतो. रुग्णाशी ज्याचा काहीही संबंध आलेला नाही, त्याला औषधापासून मिळणारा लाभ शून्याच्या जवळ असतो. दुष्परिणामाची शक्यता मात्र कमी होत नाही. दिल्लीतील एखाद्या घरात सहा वर्षांच्या मुलाला, तिसऱ्या तिमाहीतील सुनेला आणि मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या आजोबांना एकाच पट्टीतून कॅप्सूल वाटली गेली, तर वैद्यकशास्त्राने ज्या तिघांना हे औषध टाळायला सांगितले आहे नेमक्या त्यांनाच ती मिळते, तीही ज्याचा धोका नाही अशा रोगासाठी. गर्भवतीला त्याच वेळी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळत असतील, तर दोन्ही औषधे एकमेकांना निकामी करतात आणि तिच्या वाट्याला लाभ कोणताच येत नाही. प्रतिबंधक मात्रा अर्धवट सोडणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटते आणि ताप आल्यावर दवाखाना गाठायला तो उशीर करतो, हा आणखी एक धोका.

घाऊक वापराचा एक परिणाम निदानावरही झाला. साथीनंतर हा रोग खरोखरच प्लेग होता का, यावर मोठा वाद माजला. ऑक्टोबर १९९४ मध्ये केंद्र सरकारने प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक सल्लागार समिती नेमली आणि समितीने १९९५ च्या अहवालात प्लेगचे निदान ग्राह्य धरले; पुढे २००० मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने जनुकीय चाचण्यांद्वारे जंतूची ओळख पटवली. वाद इतका लांबण्याचे एक कारण असे की रक्त, थुंकी किंवा गाठीतील द्रव तपासणीसाठी घेण्याआधीच अनेकांच्या पोटात टेट्रासायक्लिन गेलेले होते, आणि प्रतिजैविकाने दबलेला जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवणे अवघड असते. नमुना आधी आणि औषध नंतर, हा प्रयोगशाळेचा साधा क्रम भीतीच्या वातावरणात पाळता आला नाही. त्याची किंमत देशाने आंतरराष्ट्रीय संशय, रद्द झालेली विमाने आणि अब्जावधी डॉलरच्या व्यापारहानीच्या रूपाने काही अंशी चुकवली.

औषधप्रतिकाराचा, म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होण्याचा प्रश्न तेव्हाही नवा नव्हता. टांझानियात १९७७ मध्ये पटकीच्या साथीत टेट्रासायक्लिनचा घाऊक प्रतिबंधक वापर झाला आणि पाचच महिन्यांत तपासलेल्या जंतूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश त्या औषधाला दाद देईनासे झाले. १९९५ मध्ये मादागास्करमधील एका रुग्णाकडून प्लेगचा जो जंतू मिळाला तो टेट्रासायक्लिन, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा अशा नेहमीच्या सर्व औषधांना पुरून उरणारा होता. भारतातील साथीत औषध लागू पडले. पण ते तसेच लागू पडत राहील याची हमी मादागास्करच्या त्या एका नमुन्याने काढून घेतली. २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात आणि २००४ मध्ये उत्तराखंडात प्लेगचे छोटे उद्रेक झाले, तेव्हा रुग्ण आणि त्यांच्या सहवासातील लोक यांच्यापुरतेच औषध देऊन ते थोड्या दिवसांत आटोक्यात आणले गेले.

कायदा, नोंद आणि आजचा जिल्हा

टेट्रासायक्लिन १९९४ मध्येही चिठ्ठीशिवाय विकता येत नव्हते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे. त्या नियमांच्या ‘एच’ परिशिष्टातील औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात आणि प्रतिजैविके त्यात येतात. रांगा लावून झालेली विक्री नियम असूनही झाली, कारण नियमाची अंमलबजावणी दुकानाच्या काउंटरवर होते आणि काउंटरच्या दोन्ही बाजूंची माणसे त्या वेळी घाबरलेली होती. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ हे अधिक कडक परिशिष्ट लागू झाले. त्यातील औषधे विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. वरच्या पायरीची अनेक प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे त्यात आली, टेट्रासायक्लिनसारखी जुनी औषधे मात्र ‘एच’मध्येच राहिली. २०१० मध्ये सुरू झालेला औषध-दक्षता कार्यक्रम औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी देशभरातून गोळा करतो. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगातून तो चालतो आणि डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता यांच्याबरोबर रुग्णालाही त्यात नोंद करता येते. १९९४ मध्ये अशी सोय नव्हती. म्हणूनच त्या काही आठवड्यांत किती मुलांना, किती गर्भवतींना औषध दिले गेले आणि त्यांचे पुढे काय झाले, याचा हिशेब इतिहासाला कधीच लागणार नाही.

त्या साथीचा धडा पूर्णपणे अंगी बाणला असे म्हणता येत नाही, हे कोविडच्या काळात दिसले. विषाणूजन्य आजारात जिवाणूविरोधी औषधांचा थेट उपयोग नसतानाही ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन यांचा सर्रास वापर झाला आणि २०२१ च्या मे महिन्यात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून ती वगळली. भीतीची भाषा १९९४ चीच होती : औषध लागू पडते का, यापेक्षा ते हाताशी आहे का, या प्रश्नाला अधिक वजन आले.

हिंगोली जिल्ह्याला आता स्वतःचे जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. गावपातळीवर उपकेंद्रे आणि आशा कार्यकर्त्या आहेत. मामल्यात कोणत्याही नव्या शोधाविना जी व्यवस्था उपयोगी पडली, तिचे सगळे घटक आज या जिल्ह्यात उपलब्ध आहेत : रुग्ण शोधणारा माणूस, संसर्ग कोणाला झाला असू शकतो याची यादी, आठवडाभर पुन्हा त्याच दारात जाणारा कर्मचारी आणि नमुना तपासणारी प्रयोगशाळा. टेट्रासायक्लिनचे कुळ आजही वापरात आहे. डॉक्सिसायक्लिन लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस या पावसाळ्याच्या आसपास डोके वर काढणाऱ्या आजारांत पहिल्या फळीचे औषध मानले जाते. ते देताना स्त्री गरोदर आहे का, मूल आठ वर्षांहून लहान आहे का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, लोहाची गोळी चालू आहे का, हे विचारायला आणि भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने, ठरलेल्या दिवसांपर्यंत घ्यायला सांगायला दोन मिनिटे लागतात. १९९४ च्या शहरांत ही दोन मिनिटे देणारा माणूस विक्रीच्या साखळीतून गळाला होता, मामल्यात तो दारोदार फिरत होता. पुढच्या साथीत औषध कोणतेही असले, तरी ते कितपत सुरक्षित ठरेल हे त्याच्या वेष्टनावरील मजकुरापेक्षा या माणसाला साखळीत कोठे उभे केले जाते, यावरून अधिक ठरेल.